‘संशयकल्लोळा’तील संघर्ष

नाटकाला संघर्ष हवा, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारावयाचेही आपल्याला सुचत नाही. संघर्ष म्हटला की डोळ्यांपुढे दोन पक्ष उभे राहतात. एका बाजूला सज्जन, दुसऱ्या बाजूला दुर्जन. एकाला हवे ते दुसरा मिळू देत नाही, आणि अखेरीस कोणीतरी जिंकतो. ऐतिहासिक नाटकाला किंवा शोकनाट्याला हे वर्णन बऱ्याच अंशी लागू पडते. पण ज्या नाटकात कोणी कोणाचा वैरी नाही, कोणाचे राज्य जावयाचे नाही, कोणाच्या पोटी कपट नाही, आणि तरीही प्रेक्षक पडदा पडेपर्यंत जागचा हलत नाही, त्या नाटकात झगडा चालतो तो कोणाकोणात? अभिजात सुखात्मिकेविषयी विचार करावयाचा तर या प्रश्नापासूनच सुरुवात केली पाहिजे. मराठीत त्यासाठी गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकाइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

या नाटकाची वंशावळ थोडक्यात सांगतो. फ्रेंच नाटककार मोलियर याने 1660 साली पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ नावाचे एक छोटे पद्यमय प्रहसन रंगभूमीवर आणले आणि त्यातील संशयी नवऱ्याचे काम स्वतः केले. त्याच कथाबीजावर आर्थर मर्फी या इंग्रजी लेखकाने 1761 साली पाच अंकांचे नाटक रचले. त्याच्या आधारे देवलांनी 1893 साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले आणि आयुष्याच्या अखेरीस त्यालाच पदांची जोड देऊन ‘संशयकल्लोळ’ हे रूप दिले. 14 जून 1916 रोजी देवल वारले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांनी ते महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. पॅरिसहून लंडन, आणि लंडनहून हरिपूर-सांगलीच्या या नाटककाराच्या हाती, एवढा प्रवास करूनही ज्या कथेची चव उतरली नाही, तिच्या पोटात काहीतरी टिकाऊ यंत्र असले पाहिजे. ते यंत्र आता उघडून पाहू.

अश्विनशेठ या तरुणाचे रेवतीवर प्रेम आहे. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. अश्विनशेठाने तिला आपली तसबीर दिलेली आहे. एके दिवशी रेवतीला भोवळ येते आणि जवळ असलेला फाल्गुनराव तिला सावरतो. हे दृश्य त्याची बायको कृत्तिका पाहते. नवऱ्याच्या हातांत परकी तरुणी! झाले, तिचा संशय पक्का होतो. या गडबडीत रेवतीजवळची तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेच्या हाती येते, आणि ती कौतुकाने पाहत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. बायकोच्या हातात परक्या तरुणाची तसबीर! त्याचाही संशय पक्का होतो. तो ती हिसकावून घेतो. पुढे अश्विनशेठ पाहतो तो आपण रेवतीला दिलेली तसबीर या गृहस्थाच्या हातात. तेव्हा रेवतीविषयी त्याच्या मनात विष कालवले जाते. आणि शेवटी रेवतीही अश्विनशेठ आणि कृत्तिका यांच्या नात्याविषयी साशंक होते. चार माणसे, चार संशय. आणि चारांचे मूळ म्हणजे हातावर मावणारी एक वस्तू.

आता या कथेत कोणी खोटे बोलले काय? मुळीच नाही. कोणी कट केला काय? तोही नाही. प्रत्येकाने जे पाहिले ते खरोखरच घडले होते. फाल्गुनरावाने रेवतीला सावरले, हे खरे. कृत्तिका तसबीर न्याहाळत होती, हेही खरे. घटना खरी आणि तिचा लावलेला अर्थ तेवढा खोटा, या एका फटीतून सगळे नाटक आत शिरते. येथील संघर्ष सत्य आणि असत्य यांचा नाही, तर चार जणांनी वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिलेल्या चार अर्ध्या सत्यांचा आहे. अर्धे सत्य असत्याहून हट्टी असते, कारण त्याच्यापाशी पुरावा असतो. खोटे बोलणाऱ्याला आपण खोटे बोलतो हे ठाऊक असते, म्हणून तो कोठेतरी अडखळतो; कृत्तिका कशाला अडखळेल? तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा चरितार्थ सरकारी नोकरीवर चालतो, आणि चौकशीची कागदपत्रे वाचणे हा त्या नोकरीचा एक भाग आहे. पाच जणांचे पाच जबाब वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोलीत घेतलेले असतात. एकेक वाचावा तर प्रत्येक प्रामाणिक वाटतो. पण पाचही एका दोऱ्यात बांधले की त्या फायलीतून एक भलताच गुन्हा उभा राहतो, जो कोणीच केलेला नसतो. मग एखादा जुना, अनुभवी अधिकारी पाचही जणांना एकाच टेबलाभोवती बसवितो आणि पहिल्याला विचारतो, “तुम्ही तेथे का गेला होता?” अर्ध्या तासात फाइल मिटते. मोलियरच्या प्रहसनात हे काम घरातील एक शहाणी दासी करते. ती एकेकाला समोर घेऊन सरळ प्रश्न विचारते आणि गुंता सुटतो. देवलांच्या नाटकातही माणसे एका ठिकाणी आल्याखेरीज आणि तसबीर कोणाकडून कोणाकडे गेली याचा हिशेब लागल्याखेरीज उलगडा होत नाही.

येथे नाटकाच्या नावाकडे जरा बारकाईने पाहावेसे वाटते. आपल्या न्यायशास्त्रात गौतमाने जे सोळा पदार्थ सांगितले, त्यांत ‘संशय’ हा तिसरा आहे. अंधारात समोर उभा आहे तो खांब की माणूस, असे दोन्ही पक्ष मनात एकदम असणे म्हणजे संशय. संशय ही दोन टोकांची अवस्था आहे, आणि म्हणूनच तो शोधाला प्रवृत्त करतो. ज्याला संशय आला तो पुढे जाऊन पाहतो. आता फाल्गुनरावाला हे लक्षण लावून पाहा. त्याच्या मनात दुसरा पक्ष आहेच कोठे? बायको निर्दोष असू शकेल, ही शक्यता त्याच्या विचारात क्षणभरही टिकत नाही. त्याला संशय आलेला नाही. त्याला चुकीचा निश्चय झालेला आहे, आणि तो केवळ पुरावे गोळा करीत हिंडतो आहे. शास्त्राच्या भाषेत हा विपर्यय होय. या नाटकातील एकाही पात्राला खरा संशय आला असता, तर त्याने तेथल्या तेथे विचारले असते, “ही तसबीर तुमच्याकडे कशी आली?” आणि पहिल्या अंकातच पडदा पाडावा लागला असता. प्रश्न न विचारणे, हेच या कथेचे इंधन आहे.

पण कोणी विचारीत का नाही? केवळ नाटककाराला पुढचे अंक लिहावयाचे आहेत म्हणून, असे उत्तर असते तर ही कृती दुय्यम ठरली असती. सामान्य प्रहसनात तसे होतेही: पात्र उघडपणे बोलणार, इतक्यात दार वाजते. देवलांची पात्रे विचारीत नाहीत, त्याला त्यांच्या स्वभावात कारण आहे. प्रश्न विचारणे म्हणजे आपल्याला ठाऊक नाही असे कबूल करणे, आणि फाल्गुनरावाला आपल्या चाणाक्षपणाचा मोठा अभिमान आहे. कृत्तिकेला विचारावयाचे नाही, तिला नवऱ्याला पकडावयाचे आहे. अश्विनशेठाला विचारण्याची लाज वाटते, कारण उत्तर मनाविरुद्ध आले तर आपले प्रेम किती स्वस्तात गेले हे उघड होईल. प्रत्येकाचे मौन वेगळ्या मातीचे आहे. फाल्गुनराव आपल्या चाकराला, भादव्याला, खोदून खोदून विचारतो, पण ज्या एका व्यक्तीला विचारावयास हवे तिला सोडून!

देवलांच्या लेखनक्रमातील एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ‘फाल्गुनराव’ लिहिण्यापूर्वी तीनच वर्षे, 1890 साली, त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ हे नाटक केले होते. म्हणजे एका रुमालावरून बायकोचा जीव घेणारा नवरा आणि एका तसबिरीवरून घर डोक्यावर घेणारा नवरा, हे दोघेही एकाच लेखणीतून, जवळजवळ एकाच सुमारास मराठीत आले. दोन्हीकडे यंत्र तेच: एक लहानशी वस्तू, ती अयोग्य हातात दिसणे, आणि डोळ्यांनी पाहिलेल्याचा गर्व. मग एकीकडे आपण गुदमरतो आणि दुसरीकडे हसतो, ते का?

प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असते म्हणून तो हसतो, असे उत्तर सहसा दिले जाते. मला ते अपुरे वाटते. ‘ऑथेल्लो’तही प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते, आणि तेच तर तेथे असह्य होते. तेथे रुमाल फिरविणारा एक खलपुरुष आहे, येथे तसबीर केवळ योगायोगाने फिरते, हा फरक खराच. पण माझ्या मते निर्णायक फरक आणखी एक आहे. डेस्डिमोना आपल्या नवऱ्याचा संशय घेत नाही. एक पारडे भरलेले आणि दुसरे रिकामे, म्हणून तो काटा थेट मृत्यूपर्यंत झुकतो. कृत्तिका मात्र फाल्गुनरावाला तोडीस तोड आहे. तो तिच्यावर पाळत ठेवतो, तर तीही त्याच्यावर ठेवते. तो पुरावा पुढे करतो, तर तिच्यापाशीही पुरावा तयार असतो. दोन्ही पारडी भरलेली असल्यामुळे काटा नुसता थरथरत राहतो, पण कोसळत नाही. या थरथरण्यालाच आपण हसतो.

भरतमुनींनी शृंगारातून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे, आणि ‘शंका’ व ‘असूया’ यांना व्यभिचारी भावांत बसविले आहे, म्हणजे येऊन जाणाऱ्या भावांत. प्रेमिकांच्या मनात क्षणभर शंका यावी, असूया डोकवावी आणि निघून जावी. त्याने शृंगाराला रंगच चढतो. फाल्गुनरावाच्या घरी हा पाहुणा मुक्कामाला राहिला आहे. दोन दिवसांसाठी आलेल्या नातेवाइकाने बिछाना पसरून घरधन्यालाच अंगणात काढावे, तशी त्याची गत झाली आहे. नवरा-बायकोच्या प्रीतीला त्या घरात जागाच उरलेली नाही, तरीही दोघांनाही एकमेकांना सोडून क्षणभर करमत नाही, ही त्यातली मौज.

जाता जाता नावांविषयी. या नाटकातील माणसे महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे घेऊन आली आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पंचांग उघडून पाहिले तर आणखी एक गंमत हाती लागते. रेवती हे सत्ताविसावे, म्हणजे शेवटचे नक्षत्र, आणि अश्विनी हे पहिले. चक्र पुरे झाले की एकाला लागून दुसरे येते. उलट फाल्गुनी आणि कृत्तिका यांच्यामध्ये सात नक्षत्रे आडवी पडलेली. देवलांनी हे योजून केले की सहज घडले, कोण सांगणार? पण ज्यांनी अखेरीस एकत्र यावयाचे ते शेजारी आणि जे जन्मभर भांडावयाचे ते दूर, ही मांडणी मला आवडते.

पदांबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण गाणे कथानक थांबविते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती काही प्रयोगांपुरती खरीही आहे. गाणारे पात्र आपण कशासाठी रुसलो आहोत हे विसरून जाते आणि प्रेक्षकही विसरतो. परंतु संशयाच्या नाटकात पदाला एक खास काम असते. पद म्हणजे एकांत. माणूस चार लोकांत असतो तोवर त्याचा संशय कच्चा असतो; एकटा पडला की तो पिकतो. रेवती किंवा अश्विनशेठ गातात तेव्हा बाहेर काही घडत नसले तरी आत निश्चय घट्ट होत असतो. गायकाने हे जाणून पद आटोपशीर ठेवले तर कथानक थांबत नाही, ते खोल जाते.

मी रायपूर शहरात बूढ़ापारा भागात राहतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे येत राहिली. 1956 पर्यंत तर नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठी मातृभाषेचा मनुष्य हिंदी पत्रकारितेचा आणि कथेचा आधारस्तंभ झाला, तो याच प्रदेशात; टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले ते त्यांनीच. मोलियरही या गावाला परका नाही. रायपुरात 1923 साली जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी त्याच्या, उमराव होऊ पाहणाऱ्या शेठजीच्या नाटकाचे ‘लाला शोहरत राय’ करून टाकले. तेव्हा आमच्या गल्लीतील हौशी मंडळींनी एकदा गणेशोत्सवात ‘संशयकल्लोळ’चा संक्षिप्त प्रयोग करावयाचे ठरविले, यात नवल नव्हते. एका घराचा ओटा हीच रंगभूमी, आणि सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्मे शेजारी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारे. देवलांची जुनी, नागर मराठी यांना किती कळेल, याची आम्हाला धास्ती होती. प्रयोगानंतर एका वयस्क शेजाऱ्यांनी, ज्यांना मराठीचा गंध नव्हता, सारे कथानक आम्हाला जसेच्या तसे सांगून दाखविले. ते पात्रांच्या बोलण्याकडे नव्हे, तर तसबिरीकडे पाहत बसले होते. “जिकडे चौकट गेली, तिकडे आग लागली,” असे ते आपल्या हिंदीत म्हणाले. या नाटकाच्या रचनेचे याहून नेटके वर्णन मी समीक्षाग्रंथांतही वाचलेले नाही.

त्या शेजाऱ्यांच्या नजरेने पाहिले की आणखी एक मर्म कळते. तसबीर एकच आहे, आणि एका वेळी ती एकाच हातात असू शकते. ती कृत्तिकेपाशी असेल तर रेवतीपाशी असणे शक्य नाही. म्हणूनच ‘तिने ती दिली’ हा निष्कर्ष निघतो. 1893 साली आपली छबी उतरवून घेणे हा खर्चाचा आणि अपूर्वाईचा प्रकार होता, आणि ती एखाद्या स्त्रीला देणे म्हणजे जवळजवळ वचनच. आज छायाचित्र खिशातल्या मोबाईलमध्ये असते आणि क्षणात शंभर ठिकाणी पोचते. संशयाला आज साधने वाढली असतील, पण एका वस्तूभोवती चार आयुष्ये गुंफावयाची तर ती वस्तू एकुलती एक असावी लागते. आधुनिक पोशाखात हे नाटक करणाऱ्यांना तसबिरीच्या जागी दुसरे काही सापडत नाही, याचे कारण हेच असावे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे नाटक निवडले, तेथे येतो. चार संशय सारख्या वजनाचे आहेत असे मी वर सुचविले, ते फाल्गुनराव-कृत्तिकेपुरते खरे आहे. त्यांचे लग्न झालेले आहे, घर आहे, भांडणाचा रोजचा सराव आहे. उद्या सकाळी दोघे त्याच घरात चहा घेतील. रेवतीचे तसे नाही. मोलियरच्या नायिकेच्या पाठीशी बापाचे घर होते. तिच्या प्रियकराचा गैरसमज झाला तरी तिची प्रतिष्ठा शाबूत राहते. देवलांनी आपल्या नायिकेला नायकिणीच्या घरी जन्म दिला. वसंतसेनेची कथा सांगणारे ‘मृच्छकटिक’ त्यांनी पूर्वीच मराठीत आणलेले होते, तेव्हा गणिकेच्या कुळात जन्मलेल्या स्त्रीच्या एकनिष्ठ प्रेमाला जगात काय किंमत मिळते, हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. रेवतीला गृहिणी व्हावयाचे आहे. अश्विनशेठाच्या विश्वासाखेरीज त्या दारातून आत जाण्याची तिच्यापाशी दुसरी किल्ली नाही. आणि तोच विश्वास एका तसबिरीने डळमळतो. फाल्गुनरावाला संशय घेण्यासाठी परिश्रम करावे लागतात. अश्विनशेठाला तो आयता मिळतो, कारण अशा घरच्या मुलींविषयी समाजाने तो आधीच तयार करून ठेवलेला आहे. एका जोडप्याच्या संशयात गंमत आहे आणि दुसऱ्याच्या संशयात एका मुलीचे सारे आयुष्य पणाला लागले आहे. देवलांनी ही दोन्ही सूत्रे एकाच तसबिरीला बांधली. फाल्गुनरावाच्या हसण्यातून आपण सावरतो न सावरतो, तोच त्याच तसबिरीची धार रेवतीकडे वळते. मोलियर आणि मर्फी यांच्याकडून घेतलेल्या कथेत देवलांनी घातलेली ही भर मला सर्वांत मोलाची वाटते, आणि पुष्कळ प्रयोगांत तीच हरवते. रेवती केवळ गोड गळ्याची रुसकी नायिका होऊन बसते.

आमच्या ओट्यावरच्या प्रयोगात रेवतीचे काम करणारी मुलगी महाविद्यालयात शिकत होती. तालमीत तिने एकदा विचारले, “काका, मी एखाद्या सावकाराची मुलगी असते, तर अश्विनशेठाने इतक्या लवकर विश्वास सोडला असता का?” उत्तर कोणाजवळच नव्हते. संहितेत एकही शब्द न बदलता तिने आपल्यापुरता एक बदल केला. शेवटी सारा उलगडा झाल्यावर अश्विनशेठ क्षमा मागू लागला, तेव्हा ती लगेच हसली नाही. तसबीर हातात घेऊन ती थोडा वेळ त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. सतरंजीवर एकदम शांतता पसरली. मागे एक लहान मूल कुरकुरत होते, तेवढाच आवाज. मग पलीकडे फाल्गुनरावाने कृत्तिकेला काहीतरी विचारले, तिने फणकाऱ्याने उत्तर दिले, आणि सगळे पुन्हा मोठ्याने हसू लागले.